यंत्रामृत आणि दुर्पताचा हात

यंदा कामठ्याच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या आमच्या जत्रेत, नाचगाण्याच्या दंडारीपेक्षा जास्त गर्दी यंत्रानंद महाराजांच्या मांडवासमोर होती. आकाशपाळण्यात बसलेली माणसंसुद्धा वरून माना वाकड्या करून पाहत होती. महाराजांच्या अंगात भगवी कफनी, गालावर चिकटलेला बारीक माईक आणि समोर टेबलावर एक मशीन.

मशीन साधंच. मोटर एक लोखंडी कडी गरगर फिरवायची. वरून एका दांडीनं पोलादाचा छोटा रोलर त्या कडीवर दाबला जायचा. कडीखाली तेलाची वाटी. महाराज आधी वाटीत दुकानातलं इंजिन ऑइल ओतत आणि दांडीला वजन अडकवत. लगेच मशीन किंचाळायचं, धूर निघायचा, मोटर अडकून बंद पडायची.

"सुना? ये आपके ट्रॅक्टर की चीख है. रोज रोता है बेचारा, तुम सुनते नहीं."

मग ते वाटी पुसत, तिच्यात केवड्याच्या वासाचं केशरी यंत्रामृत ओतत आणि डोळे मिटून काहीतरी पुटपुटत. वजन तेवढंच. पण आता मशीन मांजरीसारखं घुरघुरायचं. लोक हात जोडायचे. तेलाला.

"यंत्र में भी प्राण है, भाइयों. बस एक नियम. औरत का हाथ न लगे. पिछले साल इसी गाँव में एक माता ने लगाया. क्या हुआ, आप जानते हैं."

सगळ्या माना माझ्या बहिणीकडे वळल्या.

दुर्पता माझी धाकटी. नवरा रायपूरला कामाला. घरचा ट्रॅक्टर ती बघून बघून चालवायला शिकली आणि चिखलणीला अर्ध्या गावाच्या बांध्यांत, धानाच्या खाचरांत, उतरू लागली. दोन वर्षांपूर्वीच्या मंडईत तिच्या भासऱ्यांनी, म्हणजे थोरल्या दिरांनी, तुलसीरामभाऊंनी, यंत्रामृताच्या बाटल्या आणल्या. मागच्या साली रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, तोंडावर पूजा करून इंजिनात ओतल्या. ऐन चिखलणीत, बांधीच्या मधोमध इंजिन जाम झालं. गोंदियाच्या मिस्त्रीनं इंजिन खोललं, खरवडलेले बेअरिंग दाखवले, तेल पाण्यासारखं पातळ झालंय म्हणाला. पण भाऊंनी महाराजांना फोन लावला. महाराजांनी एकच विचारलं, "चलाता कौन है?"

इंजिन नवं होऊन आलं, किल्ली मात्र भाऊंच्या बंडीच्या खिशात गेली. त्यानंतर पाण्याच्या मोटारीचं बटणही दुर्पतानं दाबायचं नाही, असं ठरलं. दसऱ्याला ट्रॅक्टरला हार घातला तेव्हा तिला गोठ्याशी उभं केलं. तिनं तिथूनच हात जोडले. मी वर्षभर बोलत होते, मनात.

मला महाराजांकडून भरपाई नको होती. मला ते त्यांच्याच माईकवर उघडे पडलेले पाहायचे होते.

म्हणून सकाळच्या खेळाला मी पहिल्या रांगेत बसले. सगळे मशीनकडे पाहत होते, मी महाराजांच्या अंगठ्याकडे. साधं तेल ओतण्याआधी तो अंगठा रोलर हळूच जरासा फिरवायचा. यंत्रामृताच्या आधी फिरवायचा नाही. एवढंच. मी उठले आणि हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या योगेश्वरी मॅडमना गाठलं. त्यांनी ऐकलं, चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "दुपारी मीही येते."

तर दुपारी माना वळल्या तेव्हा मी उभी राहिले.

"महाराज, तुमच्या अमृतात प्राण आहे म्हणता. मंग ते एका बाईच्या बोटाले भिते काऊन?"

बाया खुसखुसल्या.

"माताजी, ये श्रद्धा का विषय है."

"आमचीबी श्रद्धाच आहे. दुर्पता, ये इकडं."

तुलसीरामभाऊ उठले. "रुख्माबाई, तमाशा कायले करून राहिली?"

"तमाशा त्यांचा आहे भाऊ. आम्ही पाहाले आलो."

तोवर मॅडम टेबलापाशी पोचल्या होत्या. त्यांना अडवणार कोण, अर्धी गर्दी त्यांच्याच हातचा मार खाऊन मोठी झालेली. "महाराज, मशीन तुमचं, तेल तुमचं. फक्त हात बदलू," त्या म्हणाल्या. "दुर्पता, रोलरला अजिबात फिरवू नको. वाटी पूस आणि साधं तेल ओत."

दुर्पतानं डोक्यावरचा पदर सारखा केला, वाटी पुसली, तेल ओतलं, वजन अडकवलं. मोटर सुरू झाली.

मशीन घुरघुरलं. मांजरीसारखंच.

"साध्या तेलानं?" मागून कोणीतरी विचारलं.

"साध्याच," मॅडम म्हणाल्या. "आता सगळं पूस. रोलर जरा फिरव, कोरी बाजू खाली आण. आणि अमृत ओत."

या वेळी मशीन असं किंचाळलं की पाळणेवाल्यानं पाळणा थांबवला. केवड्याच्या वासाखालून रॉकेलचा वास वर आला.

"हाथ लगा ना," महाराज घाईघाईनं म्हणाले, "इसलिए..."

"मंग पहिल्या बारी काऊन नाही चिल्लावलं?" वर्षभर गप्प असलेली माझी बहीण बोलली. "तवाबी माह्याच हात होता."

मॅडमनी रोलर काढून वर धरला. "हा चपटा डाग पाहा. गोल रोलर कडीला रेघेएवढाच टेकतो. सगळं वजन त्या रेघेवर, म्हणून मशीन अडकतं. पण अडकता अडकता रोलर घासून चपटा होतो. पुढच्या वेळी तोच चपटा भाग खाली असला की वजन पसरतं. मग कोणतंही तेल ओता, चालतं."

"केजव्हीलवानी," दुर्पता म्हणाली. "साधं चाक चिखलात रुतते. जाळीचं लोखंडी केजव्हील लावलं का वजन पसरते."

धानपट्ट्यात यापुढे कुणाला काही समजवावं लागलं नाही.

पण माझं समाधान झालं नव्हतं. मी यंत्रामृताची बाटली उचलली. "महाराज, मांडवामागं तुमची गाडी उभी आहे. तिच्यात ओता. तुमच्याच हातानं, म्हणजे विटाळाचं नाव नको."

दोघं-तिघं बॉनेटकडे निघालेही.

"अरे रुको, रुको," महाराज ओरडले, "उसमें कंपनी का ही तेल चलता है. इंजन बैठ जाएगा."

माईक गालावरच होता. पार जिलेबीच्या दुकानापर्यंत ऐकू गेलं. मग जो हशा उठला, तो मी मुद्दाम शेवटपर्यंत ऐकला. महाराज माईक काढू लागले तेव्हा मी त्यांचा हात धरला.

"एक वाक्य बाकी आहे. मागच्या सालचं."

"माता का दोष नहीं था," ते पुटपुटले.

"नाव घेऊन. आणि मघाच्याच आवाजात."

"दुर्पताबाई का दोष नहीं था."

याची मला जराही लाज वाटत नाही. गोड लागलं.

भासऱ्यानं भावसुनेच्या हातात काही द्यायचं नसतं, ही आमच्याकडची रीत. तुलसीरामभाऊ टेबलापाशी आले. मग त्यांनी बंडीच्या खिशातून किल्ली काढली आणि टेबलावर, त्या मशीनशेजारी ठेवली. दुर्पतानं ती तेलकट हातानं उचलली.

आता मंडईला जाणाऱ्या सगळ्यांसाठी सांगते. चांगल्या इंजिन ऑइलमध्ये झीज रोखणारी द्रव्यं कारखान्यातच घातलेली असतात. इंजिनाला लागतं ते योग्य तेल, वेळेवर बदललेलं, आणि साफ फिल्टर. त्यात वरून ओतलेलं रॉकेल त्या तेलाला पातळ करतं आणि बेअरिंग खातं. दोन तेलं ताडून पाहायची असतील तर तेलाखेरीज काहीच बदलू देऊ नका, विकणाऱ्याचा अंगठासुद्धा हलू देऊ नका. बिघाडाचं खापर कुणी बाईच्या हातावर फोडलं, तर त्याचे स्वतःचे हात आधी पाहा. आणि बाटली घेण्याआधी त्याला त्याच्या गाडीचं बॉनेट उघडायला सांगा. त्यानं उघडलं नाही, तर तुम्हीही तुमचं उघडू नका.