गुणगुण की लाल दिवा

सहाला मी बटण दाबलं आणि शहराच्या पूर्व भागातल्या बारा हजार घरांतले गीझर थांबले. त्या घरांनी तसं लिहूनच दिलेलं असतं. संध्याकाळी विजेची ओढाताण झाली की कंपनीने दोन तास गीझर थांबवायचा, बदल्यात बिलात सूट. यादीप्रमाणे ट्रान्सफॉर्मरवरचा लोड अठ्ठ्याण्णव टक्क्यांवरून ऐंशीच्या खाली यायला हवा होता. तो चौऱ्याण्णववर अडून बसला. शंभरला ट्रान्सफॉर्मर ट्रिप होतो आणि अख्खा पूर्व भाग अंधारात जातो.

"घोडं कुठे पेंड खातंय?" काका म्हणाले. काका कंट्रोल रूममध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसतात, निवृत्तीला चार महिने राहिलेत.

"यादीत, काका. ती गीझर मोजते, ते किती वीज ओढतात ते नाही."

दोन वर्षांपूर्वी नियम आला, तेव्हापासून जुन्या पद्धतीचे गीझर विकायला बंदी. आता यादीतली जवळजवळ सगळी घरं नव्यांवर आलीत. नवे गीझर हवेतली ऊब ओढून पाणी तापवतात, पाचव्या हिश्श्याच्या विजेत भागवतात. चांगलंच आहे. पण जो मुळात दोन घास जेवतो, त्याच्यापुढचं ताट काढून वाचणार किती? त्यात यांच्या पोटात एक कॉईल असते. टाकी फार गार झाली की ती पेटते, आणि मग हेही जुन्यांसारखेच वीज खातात.

हे मला कळलं ते ठमीमुळे. ठमी माझी लेक, सात महिन्यांची. मागच्या आठवड्यात असेच गीझर थांबवले, तेव्हा मी सुट्टी घेऊन घरी होते. तिच्या आंघोळीला निम्मी टाकी गेली होती. आठला गीझर सुरू झाला, पण फ्रिजसारखी ती नेहमीची गुणगुण नाही. लाल दिवा, आणि मीटर सुसाट. मी सगळं कागदावर लिहून आमच्या साहेबांना दिलं. त्यांनी कागद पेपरवेटखाली सारला. "एक गीझर म्हणजे शहर नव्हे, बाई."

आज सात वाजून दहा मिनिटांनी त्यांचाच फोन आला.

"उतरत नाही ना? मग अर्धा तास वाढव. साडेआठला सगळे एकदम सोड."

"साहेब, तोवर टाक्या पार गार होतील. बारा हजार कॉइली एकदम पेटल्या तर—"

"सांगितलंय तेवढं कर. नसेल जमत तर घरी बस, लेकीला खेळव."

फोन कट. नवऱ्याचं काम सुटल्यापासून घर माझ्याच पगारावर होतं. घरी बसणं परवडणारं नव्हतं.

मी यादीतून एकच गीझर सोडला. माझा. मग सासूबाईंना फोन लावला.

"आई, गीझरपाशी जाऊन बघा ना. गुणगुणतोय की लाल दिवा लागलाय?"

"अगं, ही कडेवर आहे माझ्या. केस ओढतेय. थांब जरा." पावलं वाजली, ठमी कुरकुरली. "गुणगुणतोय. दिवाबिवा काही नाही. बरं झालं सुरू झाला, साडेसातला हिला न्हाऊ घालते."

साडेसातला. घरोघरी साडेसातलाच नळ सुटणार, टाक्या रिकाम्या होणार. सोडायचे तर आत्ताच.

"माझाही सोडून बघ," काका म्हणाले आणि त्यांनी बायकोला फोन लावला. "हां... गुणगुण? नक्की?" फोन ठेवून माझ्याकडे बघितलं. "आता दोन गीझर म्हणजे शहर का?"

हसू आलं नाही. मी यादी पुढ्यात ओढली.

बारा हजारांचे दहा गट केले. पहिला सोडला. चौऱ्याण्णव पूर्णांक चार. कॉइली पेटल्या असत्या तर एका गटाने दोन चढले असते. दुसरा. तिसरा. प्रत्येक गटानंतर काका घड्याळात एक मिनिट मोजायचे. सातव्याला आकडा उडी मारून साडेसत्त्याण्णववर गेला; त्या गटातल्या काही कॉइली पेटल्या असाव्यात.

"थांब!" काकांनी माझं मनगट धरलं.

आम्ही दोघं त्या आकड्याकडे बघत राहिलो. तो हलला. सत्त्याण्णव. मी उरलेले तीन सोडले. अठ्ठ्याण्णव पूर्णांक दोन, आणि तिथेच तो टेकला. साडेसात वाजले. आठपर्यंत तो उतरायलाही लागला होता.

मी नोंदवहीत लिहिलं: "आदेशाविरुद्ध, वेळेआधी, दहा गटांत सोडले. जबाबदारी माझी." काकांनी "माझी" खोडून वर "आमची" लिहिलं आणि खाली सही ठोकली.

साहेबांचा फोन आला तेव्हा त्यांच्यासमोरही तोच आकडा असावा.

"उद्या दहाला ये," ते म्हणाले. "तो कागद कुठे ठेवलाय मी?"

"पेपरवेटखाली, साहेब."