खिडकीपाशी उभा

इंग्रजी कादंबऱ्यांतल्या गर्विष्ठ, अबोल नायकांवर हॉलंडात लायडनला बसून चार वर्षं प्रबंध लिहिल्यावर तसलंच एखादं स्थळ सांगून आलं, तर नीलांबरीनं दोष तरी कुणाला द्यायचा?

स्थळाचं नाव अभिराम. आइंडहोव्हनला चिपच्या कंपनीत इंजिनियर, उंच, आणि बोलणं जेमतेम. शामलामावशीनं आपल्या नवऱ्याच्या, हरिहरकाकांच्या वाढदिवसाला दोघांची गाठ घातली. संध्याकाळपर्यंत पुण्याला आईबाबांना होकार कळवायचा होता.

शेजार डच, म्हणून काकांचा वाढदिवसही डच. खुर्च्यांचं रिंगण, माणशी केकचा एकच तुकडा, आणि येईल त्यानं उत्सवमूर्तीचंच नव्हे, तर झाडून सगळ्यांचं हात हातात घेऊन अभिनंदन करायचं. अभिराम आला, रिंगणावर एक नजर टाकली आणि थेट खिडकीपाशी जाऊन हाताची घडी घालून उभा राहिला.

"बघ, तुझ्या पुस्तकातलाच उचलून आणलाय," मावशी कुजबुजली.

नीलांबरीच्या काळजाचा ठोका चुकला, हे नाकारण्यात अर्थ नाही. चार वर्षांची सवय.

तेवढ्यात शेजारच्या ऐंशीच्या ट्रूसआजी वॉकर ढकलत त्याच्यापर्यंत गेल्या आणि अभिनंदनाचा हात पुढे केला. अभिरामनं त्या हाताकडे पाहिलं. "इट्स नॉट माय बर्थडे," म्हणाला आणि पुन्हा बाहेरच्या सायकली न्याहाळू लागला. आजींचा हात तसाच राहिला.

कादंबरीत असले हात कुणाला दिसत नाहीत. नीलांबरीला दिसला. तिनं उठून तो आपल्या हातात घेतला.

"मी पटकन मिसळत नाही," अभिराम तिला म्हणाला. "मला ओळखायला वेळ लागतो."

"नायिकेला त्यासाठी चारशे पानं मिळतात. मला सोमवारी लेक्चर आहे."

"म्हणजे नकार?"

"हो. बघ, तुला ओळखायला वेळ नाही लागला."

तो कुणाचाही निरोप न घेता गेला. मावशीनं कपाळाला हात लावला. "अगं, आतून चांगला असेल."

"आत दिवा तर फ्रिजमध्येही असतो, मावशी. पुण्याला मीच फोन करते."

मग खुर्चीत बसून तिनं सगळ्यांदेखत केकचा दुसरा तुकडा उचलला. रिंगणातल्या सगळ्या नजरा तिच्या बशीकडे वळल्या. ट्रूसआजींनी शांतपणे आपलीही बशी पुढे केली.