ओट्याची उंची

"साहेबांना विचारलंय ना?" हातोडी उगारण्याआधी गवंड्यानं पुन्हा एकदा खात्री करून घेतली.

"या ओट्यावर साहेब राबतात का?" ती म्हणाली. "मारा तुम्ही."

पहिल्याच घावाला ओट्याची कड निखळली आणि बाहेरच्या खोलीत नवऱ्याच्या हातातलं वर्तमानपत्र खाली आलं. तिनं तिकडे पाहिलं नाही. पाहायचं तर अख्खं अंग वळवावं लागलं असतं. नुसती मान वळेनाशी झाली होती.

लग्न होऊन आली तेव्हाच सासरी तिचं नाव 'शिडी' पडलं. ओटा सासूबाईंच्या मापाचा, आणि सासूबाई चणीनं अगदी लहान. तिच्या तो जेमतेम मांडीशी यायचा. भाजी चिरायची तर मान छातीला टेकायची. उंच करून घेऊ या का, असं तिनं एकदा भीतभीत विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, ओटा घराच्या मापाचा असतो, माणसाच्या नाही. त्या गेल्यावर तिनं पुन्हा विषय काढला. नवरा म्हणाला, बघू. त्याच्या 'बघू'चा अर्थ एव्हाना तिला पाठ झाला होता.

मग बोटांना मुंग्या येऊ लागल्या. एकदा उकळत्या दुधाचं पातेलं हातातून सुटलं. पाय थोडक्यात वाचला. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी उशी पातळ करायला सांगितली, फोन डोळ्यांसमोर धरायला सांगितला, एका जागी फार वेळ बसू नका म्हणाल्या. शेवटी विचारलं, उभ्यानं काम कुठे करता? तिनं हातानं ओट्याची उंची दाखवली. बाई त्या हाताकडे बघतच राहिल्या.

"मग मानेला पट्टा लावून काय होणार? काम तुमच्यापर्यंत वर यायला हवं."

घरी पोचायच्या आत तिनं गवंडी ठरवून टाकला.

दुपारी वन्सं आल्या. भावानंच बोलावलं असणार. विटांच्या नव्या थरावर फरशी चढत होती. माझ्या आईची आठवण फोडलीस, म्हणून त्यांनी डोळे पुसले. आम्हीही याच ओट्यावर राबलो, आमच्या माना नाही मोडल्या, असंही ऐकवलं.

"तुमची मान दुखत नाही, वन्सं?"

वन्संचा हात नकळत मानेवर गेला होता. तो त्यांनी खाली घेतला. "दुखायचंच. बाईच्या जातीला काय दुखत नाही?"

"मला नाही दुखू द्यायची आता."

वन्सं चहा न घेता गेल्या.

सिमेंट वाळल्यावर आईच्याच चणीचा नवरा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. त्याला स्वतःचा चहा स्वतःच करून घ्यायची सवय होती, तेवढीच. आता मी काय स्टूल घेऊन चढू का, असं त्यानं विचारलं.

"मी इतकी वर्षं वाकले," ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही जरा चढा."

थोड्या वेळानं स्टूल सरकल्याचा आवाज आला.

संध्याकाळी ती भांडी घासायला उभी राहिली. पाठ ताठ, खांदे सैल. समोरच्या खिडकीतून गल्लीपलीकडचं स्वयंपाकघर सरळ दिसत होतं. तिथंही एक बाई भांडी घासत होती. तिचा चेहरा दिसत नव्हता. दिसत होता फक्त भांग.

ती बाई वर बघेल म्हणून ही नळ बंद करून थांबली. पलीकडची भांडी संपली, दिवा विझला. त्या बाईनं मान वर केली नाही.