मागचा डावा कोपरा

आमच्या अण्णांनी स्वतःच्या अंत्यविधीचे पैसे आगाऊ भरून टाकले, हे मला पावतीवरून कळलं. गोळ्यांच्या डब्याखाली घडी करून ठेवली होती. गाडी, पेटी, फुलं, चाळीस खुर्च्या, सगळं ओळीने लिहिलेलं. आणि सगळ्यात खाली: भाड्याचे खांदेकरी, एक.

एक? माझं डोकंच फिरलं. पेटी उचलायला चार माणसं लागतात हे शेंबड्या पोरालाही कळतं. हा एकटा काय अण्णांना काखोटीला मारून नेणार होता? आणि दादा, मी, ताईचा नवरा, चुलतभाऊ असे घरचे चौघे धडधाकट असताना भाड्याचा माणूस हवाच कशाला? म्हातारा एकटा बघून कुणीतरी टोपी घातली, असंच मी धरून चाललो. घरं भाड्याने लावून देणारा एजंट आहे मी. पावतीत एखादी जास्तीची ओळ कशी घुसवतात, ते मला कुणी शिकवायला नको.

अण्णा आत झोपले होते. त्यांना उठवून विचारलं असतं तर वाचलो असतो. पण आमची जीभ पुढे धावते आणि डोकं मागून येतं. तसाच तडक निघालो.

अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्यांचं ऑफिस म्हणजे एकच खोली. भिंतीवर लाकडाचे नमुने टांगलेले, दारं विकणाऱ्यांच्या दुकानात असतात तसे. टेबलामागे चष्मा कपाळावर चढवलेल्या एक बाई होत्या. मी पावती त्यांच्यापुढे आपटली.

"बाई, हा काय प्रकार आहे? आमच्या वडिलांना दोन मुलगे आहेत."

"बसा ना."

"बसायला आलो नाही मी. ही ओळ काढा आणि पैसे परत द्या. नाहीतर म्हाताऱ्यांना कसं लुबाडता ते चार लोकांत सांगेन."

बाकावर एक जोडपं बसलं होतं. त्यांनी माना खाली घातल्या. बाईंनी आवाज चढवला नाही. पावतीवरचा नंबर पाहिला, उठल्या आणि कपाटातून फाईल काढली.

"तुम्ही धाकटे का?"

"हो. का?"

त्यांनी फाईल माझ्याकडे फिरवली.

आत अण्णांचं अक्षर होतं. अण्णा पस्तीस वर्षं घरसामान हलवणाऱ्या टोळीचे मुकादम होते. कपाट असो की फ्रिज, जड वस्तू उचलण्याआधी ते कागदावर चौकोन काढायचे आणि चार कोपऱ्यांवर चार माणसं लिहायचे. कोण उंच, कोणाचा गुडघा दुखतो, कोण डावखुरा, सगळं बघून. इथेही चौकोन होता. पुढे उजवीकडे दादा. पुढे डावीकडे जावई. मागे उजवीकडे पुतण्या. मागच्या डाव्या कोपऱ्यावर लिहिलं होतं, 'भाड्याने'.

"मी म्हटलं होतं त्यांना," बाई म्हणाल्या, "चौथाही घरचाच घ्या, तेवढेच पैसे वाचतील. तर म्हणाले, धाकट्याला कामं फार असतात, त्याची अडचण नको."

मी बसलो.

आई गेली तेव्हा मागचा डावा कोपरा माझ्याकडे होता. तीन वर्षं झाली. दफनभूमीच्या फाटकापासून आतपर्यंत पेटी खांद्यावरून न्यायची होती, फार तर दोनशे पावलं. निम्म्यात खिशातला फोन थरथरायला लागला. एका मोठ्या घराचं गिऱ्हाईक, तीन आठवडे मी त्याच्या मागे लागलो होतो. अण्णांच्या टोळीचा एक नियम मी लहानपणापासून ऐकलेला. कोपरा सोडायचा तर आधी 'बदली' म्हणायचं, आणि दुसऱ्याचा खांदा खाली आला की मगच आपला काढायचा. अरुंद जिन्यात कुणी न सांगता हात काढला तर खालच्याच्या जिवावर बेततं. मी 'बदली' म्हणालो नाही. शेजारून कुणीतरी चालतंय, तो धरेल, असा हिशेब केला आणि खांदा काढला. झाडाआड जाऊन म्हणालो, "हो साहेब, चावी माझ्याकडेच आहे."

वळून पाहिलं तर पेटी एका बाजूला कलली होती आणि अण्णा तिच्याखाली शिरत होते. बहात्तर वर्षांचे.

ते घर भाड्याने गेलं. महिन्याभराने अण्णांच्या खांद्याला पट्टा लागला. विचारलं तर म्हणाले, वयाचं आहे. मी लगेच मानलं, मला ते सोयीचंच होतं. त्यांनी पुढेही कधी एक शब्द काढला नाही, तेव्हा विसरले असतील म्हणून मीही विसरून टाकलं. लाज वाटायला हवी होती ती तीन वर्षं उशिरा, एका परक्या बाईसमोर वाटली. कान नुसते भाजत होते. चार लोकांत सांगेन म्हणालो होतो. काय सांगणार होतो, कपाळ?

"चुकलं माझं," मी म्हणालो. "मघाशी तोंडाला येईल ते बोललो."

"होतं असं," बाई म्हणाल्या आणि बदलाचा फॉर्म पुढे केला. "नाव घालायचं असेल तर त्यांची सही आणा."

घरी आलो तर अण्णा उठून गोळ्या मोजत बसले होते. फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला.

"अण्णा, मागच्या डाव्या कोपऱ्यावर माझं नाव घाला."

त्यांनी आधी फॉर्म पाहिला, मग मला. "त्या बाईंवर ओरडलास?"

"हो."

"चांगली बाई आहे ती."

"माफी मागून आलोय." मी खिशातलं पेन काढून फॉर्मवर ठेवलं. "अण्णा, आईच्या वेळी मी कोपरा सोडला."

"माहितेय. मीच होतो ना खाली."

त्यांनी पेन घेतलं आणि सावकाश माझं नाव लिहिलं, खाली सही केली. मला एवढं हलकं वाटलं की मी लगेच एजंट झालो. "मग भाड्याच्या माणसाची ओळ काढायला सांगतो. पैसे परत मिळतील."

"नको," अण्णा म्हणाले. "राहू दे त्याला. बाजूने चालेल. तुला जायची वेळ आलीच तर जा, पण आधी 'बदली' म्हण. दादाचा खांदा आता पहिल्यासारखा राहिला नाही."

ते टोमणा मारत नव्हते. टोमणा असता तर मी भांडलो तरी असतो. जन्मभर जसं टोळीतल्या नव्या माणसाला समजावलं, तसंच त्यांनी मला समजावलं, आणि पुन्हा गोळ्या मोजायला लागले.

दुसऱ्या दिवशी फॉर्म द्यायला गेलो. बाईंनी नाव चढवलं आणि विचारलं, "म्हणजे भाड्याचा माणूस आता काढायचा ना?"

"नाही," मी म्हणालो. "तो माझ्यासाठी आहे."