डिकीतल्या दिव्याचा कबुलीजबाब

मी एक जुना दिवा आहे, मित्रांनो. करंगळीएवढा. एका जुन्या मोटारीच्या डिकीत, उजव्या कोपऱ्यात राहतो. डिकी उघडली की मी लागतो. लावली की झाकण माझे बटण दाबते आणि मी विझतो. त्यामुळे माझे आयुष्य तुकड्यातुकड्यांत गेले. सांगणेही तसेच होईल, सांभाळून घ्या.

उजेड. कारखाना. कुणीतरी म्हणाले, "हा लागला, पुढचा आणा." धाड.

उजेड. नव्याने लग्न झालेल्या नर्सबाई, दोन बॅगा. "अहो, डिकीतसुद्धा दिवा आहे!" एवढे कौतुक मला पुन्हा कधी मिळाले नाही. धाड.

उजेड. सुटा केलेला पाळणा. धाड. उजेड. तीनचाकी सायकल. धाड. उजेड. लेकीचे कॉलेजला जायचे सामान. नर्सबाई डिकीत तोंड घालून रडल्या. ते फक्त मी पाहिले. धाड.

अशी बावीस वर्षे गेली. मग मोटारीला जपणे सुरू झाले. "म्हातारी झाली ती," नर्सबाई यजमानांना बजावायच्या, "डिकी आपटायची नाही. हळू लावा." झाकण अलगद टेकू लागले. कुलूप लागायचे, पण माझे बटण काही दाबले जायचे नाही.

उजेड.

अजून उजेड.

मित्रांनो, रात्रभर उजेड! मला वाटले, माझे नशीब फळफळले.

पण मोटार तीन दिवस उभी राहिली की चौथ्या सकाळी किल्ली फिरवल्यावर नुसते 'टक' व्हायचे. नर्सबाईंची सातची ड्यूटी! नवी बॅटरी आणली, तिचेही तेच. मोटार गॅरेजमध्ये नेली. तिथले मला काहीच आठवत नाही, कारण मिस्त्री डिकी दणकून लावतात. त्यांना सगळे ठीकच दिसले: बॅटरी भरलेली, चार्जिंग उत्तम.

"सोमवारी पुन्हा टक झालं तर भंगारवाल्याला फोन," यजमान म्हणाले. "मी दर वेळी धक्का मारणार नाही."

"मारा की. तेवढंच पोट आत जाईल."

नर्सबाई हसल्या खऱ्या. पण ते आत गेल्यावर त्यांनी डिकीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "माझी लाज राख गं बाई." आणि मी, चोर, त्या हाताखालीच लखलखत होतो.

रविवारी मिस्त्री घरी आले. बॅटरीच्या तारेत त्यांनी मीटर जोडला. "बंद गाडी चारशे मिलिअँपिअर खातेय, ताई. तीस-चाळीस ठीक होते. एकेक फ्यूज काढून बघू."

हॉर्नचा काढला. चारशे. रेडिओचा काढला. चारशे. मग आतल्या दिव्यांचा का

उजेड. मिस्त्री ओरडत होते, "हाच! काढला की तीस, लावला की चारशे. चोर या लाइनीत आहे!"

"आतले दिवे तर बंद आहेत," यजमान म्हणाले.

"आणि डिकीतला?"

"आता तो कसा बघणार? डिकी उघडली की लागलेलाच दिसणार ना!"

नर्सबाईंनी मागच्या सीटची पाठ आडवी पाडली आणि सीटवरून रांगत कमरेपर्यंत डिकीत शिरल्या. "आता लावा डिकी. अहो, हळू हं!"

यजमानांनी हळू लावली. सवयच ना.

आम्ही समोरासमोर. त्यांच्या चष्म्याच्या दोन्ही काचांत मी. कुठे लपणार?

"अगं बाई! हा तर टक्क जागा आहे!"

"आता आपटा," मिस्त्री म्हणाले.

"अहो, पण हिला आपटलेलं..."

"आपटा हो!" नर्सबाई आतून ओरडल्या.

धाड.

उजेड. सोमवार, हॉस्पिटलचे आवार. नर्सबाईंच्या हातात ड्यूटीचा डबा, ओठांवर शीळ. म्हणजे मोटार पहिल्याच किल्लीला सुरू झाली तर!

मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तूंना जपा. पण काय दुखतेय ते रांगत आत शिरून बघा. दुरून हळू हळू म्हणत बसू नका. आणि आम्हा दिव्यांनाही थोडी झोप हवी असते. बघा, त्यांनी डिकीतली पिशवीही उचलली. झाकणाला हात घातला. माझे सांगणे अजून थोडे बाकी होते, पण हरकत नाही, लावा, चांगली जोरा