भिंगरीच्या अंगावरचा स्लॉथ

मी एक स्लॉथ बोलतोय. खरा नव्हे हो, पोशाखातला. खरा स्लॉथ दूरच्या वर्षावनात झाडाला उलटा लटकतो आणि इतका सावकाश हलतो की बघणाराच कंटाळून निघून जातो. माझं मूळ मात्र साधं: एक तपकिरी पांघरूण, दोन पायपुसणी आणि नखांसाठी कापलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या. कपडे शिवणाऱ्या एका आत्याबाईंनी दोन दुपारी खपून मला तयार केलं. मानेपाशी त्यांनी जाडाभरडा दोरा वापरला, तो आतून सारखा टोचायचा. त्याची मला आजही लाज वाटते.

आत्याबाईंची भाची चौथीत होती. पायाला भिंगरी लावल्यासारखी फिरायची, म्हणून सगळे तिला भिंगरीच म्हणत. बाईंनी वर्गात वर्षावनाचा धडा शिकवला. तिथली झाडं रोज पडताहेत, आणि एक संस्था वर्गणीतून जंगलाचे तुकडे विकत घेऊन तिथं कुऱ्हाड लागू देत नाही, हे ऐकल्यापासून पोरांना चैन नव्हतं. आपल्या वर्गाचाही एक तुकडा हवाच! भिंगरीनं हात वर केला.

"बाई, मी स्लॉथ होऊन तासभर न हलता बसते. बसले तर लोकांनी पैसे द्यायचे."

वर्ग खो खो हसला. पण शक्कल लागू पडली. भिंगरीला ओळखणाऱ्या प्रत्येकानं ऐटीत मोठमोठे आकडे लिहून दिले, कारण खिशात हात घालावा लागणार नाही याची सगळ्यांना खात्री होती. सर्वांत मोठा आकडा कोपऱ्यावरच्या दुकानदाराचा.

"ही आणि तासभर? मिशी उतरवीन!" तो म्हणाला.

शनिवारी मला अंगावर चढवून ती शाळेच्या पटांगणातल्या एका बुटक्या फांदीवर बसली. दहाव्या मिनिटाला तिच्या पायांना मुंग्या आल्या. विसाव्या मिनिटाला कानामागून घाम उतरू लागला, आणि माझा तो मेला दोरा टोचतच होता. बुटाच्या आत तेवढी तिची बोटं वळवळत होती. मला तर शिवण उसवून पळून जावंसं वाटत होतं. लोक घड्याळाकडे बघून चुळबुळत होते.

"अगं बाई, बसली की!" आकडा लिहून दिलेल्या दाताच्या डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या.

पंचावन्नाव्या मिनिटाला तिचा धाकटा भाऊ गर्दीतून पुढे आला. "ताई, बोल ना." ताई बोलेना. त्याचा ओठ वाकडा झाला आणि त्यानं भोकाड पसरलं. "ताई मेली!"

मग भिंगरीचा उजवा हात निघाला. त्याला भावाच्या डोक्यावर पोचायला अख्खं मिनिट लागलं.

"हलली!" दुकानदार ओरडला.

"काका, स्लॉथ असाच हलतो," पोरं एका सुरात म्हणाली. "तो काय पुतळा आहे?"

"ठरलं काय होतं? हलायचं नाही."

तेवढ्यात माझ्या तोंडातून भिंगरीचा आवाज आला, तसाच संथ. "काका... अजून चार मिनिटं आहेत. ओरडू नका... पिल्लू घाबरतंय."

सगळे हसले. तास पुरा झाला. डॉक्टरीणबाईंनी आणि इतरांनी शब्द पाळला. दुकानदार मात्र ठरलं ते ठरलं म्हणत निघून गेला, मिशीसकट. तेवढ्या पैशांवाचून वर्गाचा तुकडा अडून बसला.

आता मी शाळेच्या सामानखोलीत खुंटीवर आहे. भिंगरी रोज मधल्या सुट्टीत बाईंना इथं गाठते. "बाई, उरलेल्यासाठी परत कधी बसू?" बाई म्हणतात, आधी परीक्षा होऊ दे, मग भिंती रंगवून होऊ देत. बाई काही वाईट नाहीत, त्यांना खरंच कामं असतात.

परवा तिनं माझी बाही धरून मला एक वाचलेली गोष्ट सांगितली. झाड कापायला माणसं आली तरी खरा स्लॉथ पळत नाही. त्याला पळताच येत नाही. तो फांदीला घट्ट धरून राहतो. सांगताना तिची बोटं माझ्या बाहीत रुतली होती.

तेव्हापासून मला या खुंटीवर क्षणभर करमत नाही. मोठ्या माणसांनो, मला खाली काढा, आजच काढा. सावकाश हलणं आम्हाला शोभतं. तुम्हाला पळता येतं ना?