भांग कोणत्या बाजूला

तळहातावर मावेल एवढी नमुन्याची कमान… गुलाबी हिरडी, तिच्यावर बारा पांढरे दात, सगळे प्लास्टिकचे, सकाळीच यंत्रातून छापून आलेले — आणि त्यातला डाव्या बाजूचा, सुळ्याच्या आतला, जरासा शेजाऱ्यावर चढलेला. हा आपला दात. तिनेच मागून घेतलेला. वरचे सगळे दात गेले, जबड्यात स्क्रू बसले, डॉक्टरने तोंडात कॅमेऱ्याची कांडी फिरवून अख्खा जबडा पडद्यावर उभा केला आणि "आता हवे तसे दात बनवू" म्हणाली, तेव्हा लोक मोत्यासारखे मागतात म्हणे. हिने वाकडा मागितला.

"पण तो या बाजूला नव्हता… वाटतं," ती म्हणाली.

"फोटोत इकडेच आहे, मावशी." डॉक्टर पोरगेलीच होती, पण धीराची. पडद्यावरच्या फोटोत ती आणि हे, डोक्याला डोकं लावून. मोबाइल ह्यांनीच हात लांब करून धरलेला. त्यानंतर तीन महिन्यांत हे गेले. दात दिसतील असा तिचा हा एकच फोटो; त्या हसण्यावरच संगणकाने नवे दात बेतले होते. डॉक्टर मध्येच थांबली. "हा सेल्फी आहे का? काही फोन सेल्फी आरशासारखा उलटा ठेवतात, काही सुलटा. फोन कुठला होता?"

"तो कधीच मोडीत गेला," अर्ध्या दिवसाची रजा काढून आलेला मुलगा म्हणाला. "आई, तुला आठवेल की. तुझाच दात."

माझाच! चौसष्ट वर्षं तोंडात वागवला, आणि आता… आरशात तो खिडकीकडे दिसायचा. पण खिडकी कुठल्या घरातली? आणि आरसा उलटं दाखवतो ना, मग उलट्याचं सुलट केलं तर… डोक्याचा नुसता भुगा झाला. "तू हसलीस की आधी तो दात येतो, मागून तू," असं हे चिडवायचे. त्या एका वाक्यासाठी हा सगळा खटाटोप. उद्या पक्के दात यंत्रावर चढणार, एकदा स्क्रूने कसले की कायमचे. बाजू चुकली तर ह्यांनी अडतीस वर्षं पाहिलेली बाई कुणी दुसरीच होती, असं व्हायचं.

"कुठेही बसू दे गं. कुणाला कळणार आहे?" मुलगा म्हणाला. वाईट मनाने नाही म्हणाला. पण तिला लागलं. ज्याला कळलं असतं तो तर पडद्यावर हसत बसला होता.

डॉक्टरने बटण दाबलं. फोटो उलटला. हे टुणकन तिच्या दुसऱ्या बाजूला गेले.

"काकांकडे बघा. खिसा, घड्याळ, काहीतरी सांगेल."

गळाबंद स्वेटर, हात चौकटीबाहेर; तिचाही पदर शालीखाली. राहिला भांग; बाकीच्या फोटोंत तो टोपीखालीच. एकीकडे डावा, बटण दाबलं की उजवा, आणि दोन्हीकडे हेच, हुबेहूब हेच. रोज सकाळी पाहायची की मी त्यांना भांग पाडताना… मागून, खांद्यावरून, आरशातच. मेला आरसा! आणि शेवटच्या दिवशी, न्यायच्या आधी, कुणीतरी कंगवा हातात दिला, तेव्हा मीच पाडला होता. ओले केस, थंड कपाळ, सगळं आठवतंय. बाजू नाही. तेव्हा तरी बरोबर पाडला होता का? की चुकीचाच भांग घेऊन हे गेले, आणि भोवती एवढी माणसं असून कुणी बोललं नाही?

"मावशी, कुठलं पाठवू?"

तिने कमान तोंडात बसवली. जीभ लगेच त्या वाकड्या दाताकडे गेली, ओळखीची असल्यासारखी. पण जिभेला हाड नसतं. आत्ताच इतकं ऐकल्यावर तिच्या सांगण्यावर किती विसंबायचं?

"तुझा भांग पाडत होते की मी, लहानपणी," ती मुलाला म्हणाली. "ह्यांच्यासारखाच."

मुलाचा हात नकळत डोक्यावर गेला. तिथे आता भांग पाडण्याइतके केस नव्हते.

दाताचं तिच्या मनातून केव्हाच गेलं होतं. तिने कंगवा धरल्यासारखी बोटं जुळवली, पडद्याकडे नेली. ह्यांच्या कपाळाच्या मधोमध आल्यावर हात थांबला. डॉक्टर बटणावर बोट ठेवून वाट पाहत होती.